अविश्वासाचा वारसा

१९७४ च्या डिसेंबरात सोल शहरातील 'दोंग-आ इल्बो' या दैनिकात जाहिरातींचे रकाने कोरे निघू लागले. ऑक्टोबरात वृत्तस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढणाऱ्या तेथील पत्रकारांना वठणीवर आणण्यासाठी राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने जाहिरातदारांवर दडपण आणले होते. परंतु त्या कोऱ्या रकान्यांत सामान्य वाचकांनी पदरमोड करून धीराच्या चार-चार ओळी छापून घेण्यास प्रारंभ केला, आणि सरकारने उपासमारीस लावलेले पत्र लोकांनी काही काळ पोसले. मार्च १९७५ मध्ये खुद्द व्यवस्थापनानेच शंभरावर पत्रकारांना बडतर्फ केले.

दक्षिण कोरियात आज बातमीदारीवरचा लोकांचा विश्वास एवढा क्षीण का, हे समजून घेण्यासाठी इंटरनेटपूर्वीचा हा इतिहास ध्यानी घ्यावा लागतो. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत बातम्यांवर विश्वास असल्याचे सांगणारे कोरियन ३१ टक्के, तर बातम्यांसाठी यूट्यूबकडे वळणारे सुमारे निम्मे भरले. या अविश्वासाची मुळे मागे जातात: मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात सैन्य नागरिकांवर तुटून पडले असता दूरचित्रवाणीने त्याची वार्ता दडवली, तेव्हा क्षुब्ध जमावाने एमबीसी या वाहिनीच्या स्थानिक केंद्राची इमारत पेटवून दिली. लष्करशहा चुन दू-ह्वान यांच्या अंमलात तर कोणती बातमी किती स्तंभांत द्यावी आणि कोणते छायाचित्र वर्ज्य करावे, याविषयीची फर्माने सरकारी खात्याकडून संपादकांकडे सर्रास येत. १९८६ मध्ये 'मल' या नियतकालिकाने ती उघड केली आणि त्यापायी संबंधितांना अटक झाली. १९७५ च्या बडतर्फ पत्रकारांपैकी कित्येकांनी पुढे १९८८ मध्ये, हजारो नागरिकांनी दिलेल्या भागभांडवलावर, 'हांक्योरे' हे दैनिक उभे केले.

इंटरनेट आले ते या नांगरलेल्या भूमीत. २००० मध्ये पत्रकार ओ यॉन-हो यांनी 'ओमायन्यूज' हे संकेतस्थळ काढून बातमीदारीची सनद कोणाही नागरिकाच्या हाती दिली. २००२ मध्ये अमेरिकी लष्करी वाहनाखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्या, तेव्हा मेणबत्त्या घेऊन जमण्याची हाक जालावरूनच निघाली. हा निषेधाचा परिपाठ पुढे २०१७ मध्ये अध्यक्षा पार्क ग्युन-हे यांच्या पदच्युतीपर्यंत पोहोचला. मधल्या काळात, एप्रिल २०१४ मध्ये शाळकरी विद्यार्थ्यांना घेऊन निघालेले 'सेवोल' जहाज बुडत असता वाहिन्यांनी सर्व विद्यार्थी वाचल्याचे सांगितले. प्रत्यक्षात ३०४ जीव गेले.

जालावरील या नव्या वाचाळतेस राज्यसंस्थेने कायद्याने आवरू पाहिले. २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले; आर्थिक अरिष्टाची भाकिते करणाऱ्या 'मिनर्व्हा' या टोपणनावाच्या लेखकास जानेवारी २००९ मध्ये खोटी माहिती पसरवल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि एप्रिलमध्ये न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले. ज्या कलमाखाली ही अटक झाली ते २०१० मध्ये आणि ओळखसक्ती २०१२ मध्ये संविधान न्यायालयाने रद्द ठरवली.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री जागरूकता आणि आंधळा संशय ही या वारशाची दोन्ही अंगे एकदमच प्रकट झाली. तत्कालीन अध्यक्ष युन सक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला आणि सर्व प्रसारमाध्यमे लष्करी अंमलाखाली घेण्याचे फर्मान निघाले. त्याच वेळी तत्कालीन विरोधी नेते ली जे-म्युंग संसदेची भिंत चढतानाचे दृश्य यूट्यूबवरून थेट दाखवत लोकांना साद घालत होते. लोक जमले, १९० संसद सदस्यांनी लष्करी कायदा उठवण्याचा ठराव केला आणि काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. परंतु निवडणूक आयोगाच्या कचेरीवरही त्या रात्री सैन्य धाडले गेले होते. कारण मतमोजणीत लबाडी होते हा, सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्यावरही यूट्यूबवरील प्रचारकांनी धगधगत ठेवलेला संशय, अध्यक्षांनी स्वतः उराशी धरला होता. जानेवारी २०२५ मध्ये युन यांच्या समर्थकांनी सोलच्या एका न्यायालयात घुसून मोडतोड केली, आणि तीही काहींनी थेट प्रक्षेपित केली.

१९७४ चा वाचक दडवलेली वस्तुस्थिती मागत होता, आणि ती देणाऱ्या पत्रासाठी पैसे मोजत होता. न्यायालयात घुसलेला हा जमाव समोर आलेला पुरावाही कटाचाच भाग समजतो. संशयाने पुराव्यापुढे नमण्याची तयारी ठेवली, तरच तो लोकशाहीचा पहारेकरी ठरतो. असत्याचा बंदोबस्त सरकारच्या स्वाधीन करणे मात्र कोरियास परवडणारे नाही, कारण त्या अधिकाराचा वापर कसा होतो हे १९८० पासून २०२४ पर्यंत त्याने वारंवार पाहिले आहे. तेव्हा आपण बातमी कशी मिळवली, कोठे चुकलो आणि कोणाच्या पैशावर चालतो, याचे दफ्तर वाचकापुढे खुले करण्याचे कष्टप्रद कार्य वृत्तपत्रांनाच अंगीकारावे लागेल.