घरकुल मंजूर झाले, घर कधी?

माता रमाईंच्या नावाच्या आवास योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना घरकुल मिळते. ग्रामीण सर्वसाधारण क्षेत्रात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये, बांधकाम २६९ चौरस फुटांचे. रोजगार हमीची मजुरी वेगळी. मात्र हे अनुदान हप्त्यांनी येते. ठरलेला टप्पा बांधल्याविना पुढचा हप्ता मिळत नाही. म्हणजे सिमेंट, गज, वाळू व गवंड्याची मजुरी आधी गरिबानेच उभी करायची. हिंगोली जिल्ह्यातील ऊसतोड मजुराजवळ त्यासाठी मुकादमाची उचलच असते. ती फेडण्यासाठी तो अर्धे घर सोडून फडावर जातो. घरकुल हा हक्क आहे, उपकार नव्हे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन : गावातील एका तरी कुटुंबाला शेवटचा हप्ता मिळेपर्यंत साथ द्या. छत पडेपर्यंत मंजुरी हा केवळ कागदच होय.