टाकीची कल्हई

चिपळूणच्या घराच्या पडवीला लागून पत्र्याची शेड आहे. वडिलांची १९८१ सालची प्रीमियर पद्मिनी तिथे असते. २०२० च्या मार्चमध्ये ती जी उभी राहिली, ती दिवाळीपर्यंत हलली नाही. बॉनेट मात्र दर आठवड्याला पुसलं जाई, टायरमध्ये हवाही भरली जाई. वसुबारसेला वडिलांनी चावी फिरवली. दोन गचके देऊन गाडी सुरू झाली आणि बहादूरशेख नाका यायच्या आत रस्त्याच्या कडेला शांत झाली. मेकॅनिकने कार्ब्युरेटर उघडला, तर फ्लोटच्या वाटीत विटेच्या भुकटीसारखा गाळ. त्यात बोट फिरवून तो म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत आहे. टाकी सडलीय."

आठ महिने आम्ही गाडीचा जो भाग पुसत होतो, त्याला काहीच झालं नव्हतं. सडला होता तो न दिसणारा भाग. तेव्हापासून टाक्यांविषयी वाचायचं आणि गॅरेजवाल्यांना छळायचं हा माझा उद्योग झाला.

पद्मिनीचा जन्म कुर्ल्याचा. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली, तीच १९७४ मध्ये पद्मिनी झाली. उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं आणि मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या हौसेच्या. हौसेची गाडी वर्षातले अकरा महिने उभी असते, आणि टाकीचं दुखणं नेमकं तिथे सुरू होतं.

त्या काळात मोटारींच्या टाक्या बहुधा पोलादी पत्र्याच्या असत आणि पत्र्यावर शिसं-कथलाच्या मिश्रणाचा पातळ थर दिलेला असे. याला टाकीची कल्हई म्हणायला हरकत नाही. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की ताक कळकतं, तसंच इथे. फक्त फरक असा, की कल्हईवाला दारावर यायचा आणि टाकीच्या आत बघायला कोणी येत नाही. हा थर निवडण्याचं कारण सोपं होतं. पत्रा साच्यात दाबताना तो तडकत नाही आणि सांध्यांना डाख चटकन बसतो.

पण त्यात एक मेख आहे. जस्ती बादलीला ओरखडा पडला तर आजूबाजूचं जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. शिसं-कथील असा त्याग करत नाही. ते नुसतं पांघरूण आहे. पांघरुणाला टाचणीएवढं भोक पडलं आणि तिथे ओल आली, की उघडं लोखंड उलट जास्तच वेगाने खाल्लं जातं, सगळा मारा त्या एका ठिपक्यावर. म्हणून जुन्या टाक्या सरसकट झिजत नाहीत. बाकी पत्रा चांगला आणि तळाला चार बारीक छिद्रं, असंच बहुतेक वेळा दिसतं.

ओल येते कुठून? गॅरेजमध्ये सगळे सांगतात की टाकी श्वास घेते. दिवसा तापली की वाफ बाहेर जाते, रात्री थंडावली की दमट हवा आत येते. हे खरं आहे, पण मी हिशोब करून पाहिला. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं. टाकीत ३० लिटर जागा रिकामी असेल तर त्या सगळ्या हवेत मिळून एक ग्रॅमही पाणी नाही, आणि एका रात्रीत त्यातली थोडीच हवा बदलते. तळाशी पेलाभर पाणी साचलं असेल तर ते श्वासातून आलेलं नाही. टोपणाचं रबर कडक झालंय, गाडी धुताना पाइप तिथे लागलाय, किंवा पेट्रोलबरोबरच पाणी आलंय. श्वासाचं काम वेगळं. पेट्रोलच्या रेषेवरच्या उघड्या पत्र्याला तो रोज ओलाव्याचं बोट लावतो आणि सोबत ताजा प्राणवायू आणतो. गंजाला एवढं पुरतं. आमच्या टाकीत पाव भाग पेट्रोल होतं, म्हणजे पाऊण पत्रा उघडा, तोही कोकणच्या पावसाळ्यात.

त्यात आता इथेनॉल. देशात २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं, २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर पोचलं आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांना त्याने हात दिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. दहा टक्के मिश्रण साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेतं, म्हणजे दहा लिटरमागे ५० मिलिलिटर. त्यापुढे पाणी आलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. हा तळातला थर साध्या पाण्यापेक्षाही वाईट, आणि पंपाची नळी नेमकी तिथूनच ओढते. जुने रबरी होज त्याने फुगतात, भेगाळतात. टाकीचं काम काढलंच आहे तर इथेनॉलला टिकणारे होज आणि नवं गॅस्केट घालून घ्यावं. खर्च फार नाही.

पहिल्या वेळी आम्ही चूक केली. एका गॅरेजवाल्याने टाकी खळखळवून धुतली, आतून लेप ओतला आणि दोन दिवसांत परत दिली. सहा महिन्यांत लेपाचे पापुद्रे सुटून नळीच्या तोंडाशी अडकले. लेपाखाली गंज तसाच होता. कलथ्याने खरवडल्याशिवाय तव्याला तेल लावावं, तसला प्रकार. शिवाय जुन्या प्रकारचे काही लेप इथेनॉलमध्ये विरघळतात. म्हणून लेप हा माझ्या मते शेवटचा उपाय, आणि करायचाच तर इथेनॉल सोसणारा इपॉक्सी, तोही पूर्ण कोरड्या, चकचकीत पत्र्यावर.

दुसऱ्या वेळी टाकी उतरवली. आधी साबणाच्या गरम पाण्याने इतक्यांदा धुतली की वास उरला नाही. मग धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरली. तोंडातून लोखंडी सळई आत सोडली, टाकीला टेकणार नाही अशी, रबरात धरून. बॅटरी चार्जरची धन तार सळईला, ऋण तार टाकीला. थोड्याच वेळात तोंडाशी बारीक फेस चढू लागला. तो हायड्रोजन, म्हणून हे काम अंगणात, आणि विडीवाल्यांना फाटकाबाहेर. स्टेनलेसची सळई वापरू नये, तिच्यातल्या क्रोमियमपासून विषारी क्षार बनतात. दुसऱ्या दिवशी सळई चिखलाने माखली होती आणि टॉर्चच्या उजेडात टाकीचा तळ काळसर दिसत होता. कोपऱ्यांत वीज पोचत नाही. तिथे लिंबूसत्त्वाचं पाणी आणि मूठभर नट घालून टाकी हलवली, पुन्हा सोड्याने धुतली आणि लगेच गरम हवेने वाळवली. हे "लगेच" महत्त्वाचं. साफ झालेल्या ओल्या पत्र्यावर चहा होईपर्यंत तांबूस छटा येते. धुवण मात्र परसातल्या विहिरीपासून लांब, डब्यात भरून ठेवलं. त्यात शिसं असतं.

पत्रा साफ झाल्यावर तळाची तीन छिद्रं उजेडात आली. गळक्या टाकीवर साबणाची वडी घासायची ही ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे घरी पोचण्यापुरती ती चालते. एम-सीलही तात्पुरतंच. पक्का इलाज म्हणजे डाख. पण "टाकी रिकामी आहे, लाव आच" हे वाक्य कोणी उच्चारलं की मी तिथून दूर होतो. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती पेटते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत हे प्रमाण सहज जुळतं. आमच्या डेंटरने टाकी उलटी धरून कामाच्या जागेपर्यंत पाण्याने भरली, तोंड उघडं ठेवलं आणि ज्योत न वापरता तापवलेल्या जड तांब्याच्या कैयाने डाख दिला. नवसागराचा धूर उठला तसे वडील म्हणाले, "कल्हईवाल्याचा वास आला रे."

त्यानंतरची शिस्त साधी आहे. पंधरा दिवसांतून एकदा गाडी वीसेक किलोमीटर फिरते आणि येताना टाकी भरून येते. अगदी गळ्यापर्यंत नाही, कारण दहा अंशांनी तापलं की पेट्रोल एक टक्का फुगतं. दोन-तीन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी, कोरडी आणि आतून तेलाचा हात दिलेली. अर्धवट भरलेली कधीच नाही.

मुरंब्याची एक काचेची बरणी वडिलांनी शेडमध्ये ठेवलीय. महिन्यातून एकदा नळीने अगदी तळातलं पेट्रोल तिच्यात काढतात, उजेडात धरून बघतात आणि स्वच्छ असेल तर परत ओततात. गेल्या गणपतीत बरणीच्या तळाशी वाटाण्याएवढा थेंब वेगळा पडलेला दिसला. विसर्जनाच्या आत टोपणाचं रबर बदललं गेलं.