काच, रंग आणि पाणी: घरच्या घरी फुलदाणीची सजावट

साध्या काचेच्या फुलदाणीवर पहिल्यांदा रंगकाम करणाऱ्याची फजिती बहुधा ठरलेली असते. कागदावर, कापडावर, मातीच्या पणतीवर निमूट बसणारा ॲक्रिलिक रंग काचेवरही वाळेपर्यंत झकास दिसतो. आठवडाभराने फुलदाणी घासायला घेतली की त्याचे पापुद्रे सुटतात आणि बेसिनच्या जाळीत जाऊन बसतात. यात रंगाची चूक नसते. कागद रंग पितो, माती पिते. काच पीत नाही.

स्वस्तातल्या फुलदाण्या सोडा-लाइम काचेच्या असतात. खिडकीची तावदाने, सरबताच्या बाटल्या आणि फिरोजाबादच्या बांगड्याही याच काचेच्या. तिच्यात सुमारे ७० टक्के सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक असतो. उरलेला भाग मुख्यतः सोडा आणि चुना. वितळलेला रस थंड होताना त्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की रंगाला रुतून बसायला बारीकसे छिद्रही उरत नाही. शिवाय हवेतल्या बाष्पाचा अतिशय पातळ थर काचेला कायम चिकटलेला असतो आणि हाताळताना बोटांचा तेलकटपणा त्यावर चढतो. घाईने लावलेला रंग खरे तर काचेवर बसतच नाही, तो या थरांवर बसतो.

म्हणून तयारीला रंगकामाइतकाच वेळ द्यावा लागतो. फुलदाणी आधी भांडी घासायच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवावी. जुन्या फुलदाणीच्या तळाशी क्षारांचा पांढरट थर असेल तर त्यात व्हिनेगर भरून काही तास ठेवावे. मान अरुंद असेल आणि ब्रश आत जात नसेल तर मूठभर तांदूळ, थोडे साबणाचे पाणी घालून जोरात हलवावे. तांदूळच आतून घासणीचे काम करतात. किमतीचे लेबल निघाल्यावर उरणारा चिकटपणा खोबरेल तेलाने सुटतो, पण मग ते तेल घालवण्यासाठी पुन्हा साबण आलाच. कोरडी झाल्यावर शेवटचा हात स्पिरिटचा. औषधाच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन बाहेरची बाजू पुसावी आणि त्यानंतर काचेला उघडे बोट लावू नये. धरायचीच तर आत हात घालून किंवा काठाला धरावी.

रंग आणण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी: या फुलदाणीत पाणी राहणार आहे की नाही? निशिगंध, जरबेरा अशी ताजी फुले ठेवायची तर पाणी दररोज बदलायचे, म्हणजे सजावटीला रोज ओल लागणार. वाळकी कणसे, मोरपिसे किंवा कापडी फुले ठेवायची असतील तर जवळजवळ काहीही चालते. पुढची सगळी निवड या उत्तरावर अवलंबून आहे आणि बहुतेकांचे चुकते ते इथेच.

काचेसाठीच बनवलेले ग्लास कलर हा सर्वांत रुळलेला मार्ग. हे रंग पारदर्शक असतात, त्यामुळे उजेड आरपार येतो आणि चर्चच्या रंगीत खिडकीसारखा परिणाम साधतो. स्टेशनरीच्या दुकानात त्यांचे दोन प्रकार मिळतात: पाण्यात मिसळणारे आणि थिनरवर चालणारे. थिनरवाल्यांची चमक जास्त, पण वासही उग्र. खिडक्या उघड्या ठेवूनच ते वापरावेत. रंगाच्या जोडीला लागते ती लायनरची ट्यूब. तिच्या बारीक तोंडातून निघणारी काळी, सोनेरी किंवा चंदेरी रेघ वाळल्यावर फुगीर राहते आणि शेतातल्या बांधासारखी रंगाला अडवून धरते.

नक्षी कागदावर काढून तो कागद फुलदाणीच्या आत, चित्र बाहेरून दिसेल असा ठेवावा. गोल पोटामुळे कागद काचेपासून सुटत असेल तर आत तांदूळ किंवा चुरमुरे भरावेत. कागद काचेला घट्ट टेकतो आणि बाहेरून रेघ गिरवता येते. आडव्या समांतर पट्ट्या हव्या असतील तर रबर बँड चढवून त्यांच्या कडेने खुणा कराव्यात. मोजपट्टी वक्र काचेवर काही कामाची नाही.

लायनर चालवताना ट्यूबचे टोक काचेवर घासू नये. ते किंचित वर धरून रेघेचा धागा काचेवर पडू द्यावा, म्हणजे जाडी सारखी येते. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा असला की रेघ मध्येच फुटते आणि काचेवर काळा ठिपका पडतो. म्हणून सुरुवातीचे दोन-चार सेंटिमीटर रद्दी कागदावर काढून टाकावेत. पडलाच ठिपका तर ओला असताना पुसू नये, नुसता फराटा होतो. वाळू द्यावा आणि मग ब्लेडने अलगद उचलावा. चौकटी पूर्ण बंद झाल्या आहेत ना, हे रंग भरण्याआधी फुलदाणी उजेडात धरून बघावे. सुईच्या टोकाएवढी फट असली तरी शेजारचा निळा पिवळ्यात उतरतो आणि ध्यानीमनी नसताना हिरवे पान तयार होते.

सपाट काचेवर न येणारी अडचण फुलदाणीवर येते: रंग ओघळतो. त्यावर इलाज म्हणजे जाड टॉवेलची गुंडाळी करून तिच्या खळग्यात फुलदाणी आडवी ठेवायची आणि वर आलेल्या भागापुरतेच काम करायचे. चौकटीच्या कडेपासून सुरुवात करून रंग मध्याकडे ओढावा. तो ब्रशने फासण्यापेक्षा थेंबाथेंबाने सोडलेला बरा, कारण असे रंग आपोआप सपाट होतात. आलेले बुडबुडे टाचणीने फोडावेत. तो भाग पुरता वाळला की फुलदाणी थोडी फिरवून पुढचा भाग. चारी बाजूंनी काम करायचे तर दोन-तीन दिवस सहज जातात. ज्यांना इतका धीर नाही त्यांनी सरळ स्पंजने ठिपके द्यावेत. त्यातही गंमत आहे आणि चुका लपतात.

धुण्याने न जाणारा रंग हवा असेल तर भाजून पक्का होणारा रंग घ्यावा लागतो. फ्रान्सच्या पेबेओ कंपनीच्या ‘वित्रिया १६०’ या रंगाच्या नावातच तापमान आहे: २४ तास वाळवल्यावर तो १६० अंश सेल्सिअसला ४० मिनिटे भाजतात. दुसऱ्या कंपनीचा रंग असेल तर बाटलीवरची सूचना पाळावी आणि जिथे भाजण्याचा उल्लेखच नाही तो रंग ओव्हनमध्ये मुळीच घालू नये. फुलदाणी थंड ओटीजीत ठेवून मगच तो सुरू करायचा. वेळ संपल्यावर बटण बंद करून, दार न उघडता, ती आतच निवू द्यायची. सोडा-लाइम काच उष्णतेने प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेच्या अडीच पटींहून जास्त प्रसरण पावते. तिचा एक भाग चटकन तापला आणि दुसरा मागे राहिला की त्या ओढाताणीत ती तडकते. मायक्रोवेव्ह या कामाचा नाही.

फुलदाणी आतून रंगवणे ही सोपी आणि हल्ली फार लोकप्रिय युक्ती. दोन-तीन चमचे ॲक्रिलिक रंग दुधाच्या सायीइतका दाट करून आत ओतायचा, फुलदाणी फिरवत सगळीकडे पोचवायचा आणि ती उपडी ठेवून जादाचा रंग निथळू द्यायचा. बाहेरची काच उघडीच राहते, त्यामुळे साधा पांढरा रंगसुद्धा चिनी मातीसारखा चकाकतो. वाळायला मात्र दोन-तीन दिवस लागतात, कारण अरुंद तोंडातून हवा नीट खेळत नाही. अशा फुलदाणीत पाणी ओतले की रंग सुटू लागतो. ताजी फुले हवीच असतील तर आत एक छोटी बाटली किंवा परीक्षानळी बसवून त्यात पाणी ठेवावे.

काचेच्या मागून रंगवण्याची कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकात चीनमधून ही कला भारतात आली आणि पुढे तंजावरसारख्या ठिकाणी तिला देशी वळण मिळाले. अशा चित्रांत क्रम उलटा असतो: डोळ्यातला पांढरा ठिपका, दागिन्यांचे मोती आधी, मग चेहरा, वस्त्रे, आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी, कारण पाहणारा काचेच्या दुसऱ्या बाजूला उभा असतो. रुंद तोंडाच्या बरणीत हात जात असेल तर हाच क्रम वापरून आतून वेलबुट्टी काढता येते. आधी पाकळ्यांचे ठिपके, वाळल्यावर त्यांच्यावरून पाने, आणि शेवटी ओतलेला एकच रंग.

धूसर, दुधी काच अनेकांना आवडते. त्यासाठी फ्रॉस्टिंग स्प्रे मिळतो. झाडाची पाने किंवा चिकट कागदाचे कापलेले आकार काचेवर डकवून त्यावरून स्प्रेचे दोन पातळ थर द्यायचे आणि आकार काढून घ्यायचे. तेवढा भाग नितळ राहतो. परदेशी चित्रफितींत दिसणाऱ्या एचिंग क्रीमच्या नादी घरात लागू नये. त्यातली फ्लोराइड संयुगे काच खरवडतात, तशी कातडीतून आतही शिरतात, आणि भाजल्याची वेदना कधीकधी तासातासांनी सुरू होते. कायमची दुधी नक्षी हवी असेल तर काचकाम करणाऱ्या दुकानात सँडब्लास्टिंग करून मिळते का, ते विचारावे.

सुतळी गुंडाळणे हा मुलांनाही जमणारा प्रकार. तळापासून सुरुवात करून एका वेळी चार-पाच वेढ्यांपुरताच फेविकॉल लावावा आणि सुतळी ताणून धरावी. टोके मागच्या बाजूला जिरवावीत. पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो आणि ओली सुतळी बुरशीने काळी पडते, म्हणून ही सजावट सुक्या फुलांसाठी. आरसे, बांगड्यांचे तुकडे किंवा शिंपले चिकटवायचे तर ॲराल्डाइटसारखा दोन ट्यूबांचा गोंद वापरावा. पातळ पतंगी कागदाचे तुकडे चिकटवले तर आत दिव्यांची माळ सोडल्यावर ते आकाशकंदिलासारखे उजळतात. आधी एक तुकडा ओला करून त्याचा रंग सुटत नाही ना, एवढे पाहावे. कागद, सुतळी किंवा थिनरचा रंग असलेल्या फुलदाणीत मेणबत्ती मात्र कधीही लावू नये. गेरूच्या रंगाचा हात देऊन त्यावर पांढऱ्या रेषांत वारलीची माणसे काढणे हे तर आता इतके सर्रास झाले आहे की तारप्याभोवतीच्या फेराऐवजी दुसरे काही काढावे असे वाटते. शिवाय पूर्ण झाकून टाकायचीच असेल, तर काच कशाला? मातीचा घट त्याहून स्वस्त पडतो. निम्मी काच उघडी सोडलेली फुलदाणी बहुधा जास्त देखणी दिसते. पाण्यात बुडालेले देठही मग नक्षीचा भाग होतात.

रंगवलेली फुलदाणी गार पाण्याने, मऊ फडक्याने धुवावी. तारेची घासणी आणि डिशवॉशर वर्ज्य. काम मनासारखे झाले नाही तर न भाजलेला रंग गरम पाण्यात तासभर भिजवून ब्लेडने खरवडता येतो, थिनरवाला रंग थिनरने पुसून निघतो आणि तीच फुलदाणी पुन्हा कोरी होऊन हाती येते. भाजलेला रंग मात्र तसा निघत नाही. म्हणून नक्षीत चूक दिसत असेल तर ती ओटीजीत ठेवण्याआधीच खरवडून टाकावी.