लाकडाचे गुणधर्म: पाणी आणि दिशा

जालन्यात कनिष्ठ अभियंता परीक्षेची तयारी करणारी स्थापत्यची मुले लाकडाच्या प्रकरणातले आकडे पाठ करतात. माझ्या मते दोन गोष्टी समजल्या तर पाठांतर फारसे उरत नाही: लाकडातले पाणी आणि लाकडाची दिशा.

ओल्या लाकडात पाणी पेशींच्या पोकळीत असते, तसेच पेशींच्या भित्तिकांतही. पोकळीतले पाणी आधी जाते. तेव्हा लाकूड हलके होते, पण आटत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की भित्तिका सुकू लागतात. तिथून लाकूड आटते आणि बळकटही होते. ही सीमा म्हणजे तंतुसंपृक्तता बिंदू. आटणे लांबीत नगण्य असते. गाभ्याकडून सालीकडे त्याहून जास्त आणि वार्षिक वलयांच्या कडेने त्याच्याही साधारण दुप्पट. म्हणूनच गोल ओंडका वाळताना सालीकडून गाभ्याकडे चिरतो.

मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत हेच दिसते. तुळया आणि कड्या मातीचे जड छत पेलतात, कारण लाकडाची ताकद तंतूंच्या लांबीत असते. तुळईचा मधला भाग कोरडा राहून टिकतो, पण भिंतीत गाडलेले टोक पावसाळी ओल धरते. ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला वाव मिळतो. टोक कुजले तर मध्ये धडधाकट असलेली तुळईही छत पेलत नाही. म्हणून जुने घर पाहताना मी आधी टोके टोचून पाहतो. परीक्षेत हा एखाद्या गुणाचा प्रश्न असतो. त्या छताखाली मात्र माणसे झोपतात.