आलेक वेकचा चेहरा

आलेक वेकचा जन्म १६ एप्रिल १९७७ रोजी वाऊ या गावात झाला. हे गाव तेव्हा सुदानमध्ये होते, आता दक्षिण सुदानमध्ये आहे. नऊ भावंडांतली ती सातवी. वडील अथियान वेक शिक्षण खात्यात नोकरीला, पण घरात वीज नव्हती आणि नळही नव्हता. कुटुंब डिंका जमातीचे. डिंकांची श्रीमंती गुरांत मोजतात आणि लग्नातला देजही गुरांच्याच रूपात देतात.

पुढे जगाने जिच्या रंगावर आणि उंचीवर पानेच्या पाने लिहिली, तिच्याकडे वाऊमध्ये या दोन्ही कारणांसाठी कोणी वळूनही पाहिले नसते. डिंका लोक जगातल्या सर्वांत उंच लोकांत गणले जातात आणि काळाभोर वर्ण हा तिथला सर्वसाधारण वर्ण आहे. आलेक वेगळी दिसायची ती सोरायसिसमुळे. या विकारात त्वचेच्या नव्या पेशी गरजेपेक्षा कितीतरी झपाट्याने तयार होतात आणि अंगावर खपल्यांचे थर साचतात. मग त्वचेला भेगा पडतात, खाजवले की रक्त येते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, पण हे शाळेतल्या मुलांना कोण सांगणार? मुले तिच्यापासून चार हात लांब राहत. आईवडिलांनी उपाय बरेच केले, गुण मात्र आला नाही.

१९८३ मध्ये सुदानात दुसरे यादवी युद्ध पेटले आणि दोनेक वर्षांत त्याची झळ वाऊला पोहोचली. वेक कुटुंब घरदार सोडून रानावनातून पायी निघाले. वडिलांचा खुबा पूर्वी मोडलेला होता आणि तो धातूच्या खिळ्यांनी सांधलेला होता. त्या पायपिटीने जुने दुखणे चिघळले, संसर्ग झाला आणि अखेर खार्टूममध्ये त्यांचा मृत्यू झाला. १९९१ मध्ये चौदा वर्षांची आलेक धाकट्या बहिणीबरोबर लंडनला थोरल्या बहिणीकडे गेली. आईला तिथे पोहोचायला आणखी काही काळ लागला. इंग्रजी शिकणे, शाळा आणि साफसफाईची कामे असा तिचा दिनक्रम सुरू झाला. इतकी वर्षे कशालाही न बधलेला सोरायसिस लंडनमध्ये आल्यावर ओसरला. त्वचा नितळ झाली, आणि आता लोक त्याच त्वचेच्या रंगाकडे निरखून पाहू लागले.

१९९५ मध्ये दक्षिण लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेस भागातल्या एका जत्रेत ‘मॉडेल्स वन’ या एजन्सीसाठी नवे चेहरे शोधणाऱ्या बाईंची नजर तिच्यावर पडली. अशा शोधकांचे कामच ते असते: गर्दीत उभे राहायचे आणि हजारातला एक चेहरा हेरायचा. आईला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. मुलीने शिकावे, एवढेच तिचे म्हणणे होते. तरी त्याच वर्षी टीना टर्नरच्या ‘गोल्डनआय’ गाण्याच्या व्हिडिओत आलेक झळकली. १९९६ मध्ये ती अमेरिकेत गेली आणि फोर्ड या मातब्बर एजन्सीने तिला करारबद्ध केले.

कृष्णवर्णीय मॉडेल तोवर नव्हत्या असे नाही. बेव्हर्ली जॉन्सन १९७४ मध्येच अमेरिकन ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर आली होती आणि नेओमी कॅम्पबेल तर घराघरांत माहीत होती. पण त्या व्यवसायाला झेपणाऱ्या सौंदर्याच्या काही अटी होत्या: नाक सरळ हवे, केस लांब हवेत, वर्ण फार गडद नको. ज्या चेहऱ्याला हे माप बसत नाही, त्याच्याभोवती रानावनाची गोष्ट रचायची ही तिथली जुनी रीत. १९७५ मध्ये मॉडेल इमान न्यूयॉर्कला आली तेव्हा ती रानात सापडलेली गुराखीण असल्याची कथा छायाचित्रकार पीटर बिअर्डने पसरवली होती. प्रत्यक्षात ती सोमाली राजदूताची मुलगी होती आणि नैरोबीत विद्यापीठात शिकत होती. आलेकच्या बाबतीत तर गुरे, युद्ध आणि पायपीट सगळे खरेच होते, त्यामुळे लिहिणाऱ्यांचे आयतेच फावले. लावाझा या कॉफी कंपनीच्या कॅलेंडरसाठी तिला कॉफीच्या कपात बसवून छायाचित्र काढले गेले. काळ्या माणसाचे शरीर आणि विकाऊ माल यांची ही सांगड आपल्याला खटकली, असे तिने पुढे आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले.

१९९७ हे वर्ष निर्णायक ठरले. नोव्हेंबरच्या अमेरिकन ‘एल’च्या मुखपृष्ठावर ती आली. छायाचित्र जिल बेन्सिमॉनचे. मागे पांढरा पडदा, अंगात पांढरा कोट, डोक्यावर जेमतेम बोटभर केस. पांढऱ्यावर पांढरे ठेवल्याने वाचकाची नजर चेहऱ्याखेरीज कुठे जाऊच नये अशी ती मांडणी होती. चेहरा उजळवण्याची किंवा केस लांब दाखवण्याची नेहमीची धडपड त्यात नव्हती. तिच्या कारकिर्दीतले सर्वांत धीट चित्र हेच म्हणावे लागेल. त्याच वर्षी एमटीव्हीने तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट मॉडेल ठरवले. कुणी कौतुक केले, कुणी नाके मुरडली. आपल्या लहानपणी असा चेहरा मुखपृष्ठावर दिसला असता तर स्वतःकडे पाहण्याची आपली दृष्टी वेगळी झाली असती, अशा अर्थाचे उद्गार ओप्रा विन्फ्रीने काढले.

त्यानंतर राल्फ लॉरेन, कॅल्विन क्लाइन, डिओर, शनेल अशा बड्या नावांसाठी तिने काम केले. शेखर कपूर यांच्या ‘द फोर फेदर्स’ (२००२) या सुदानात घडणाऱ्या चित्रपटात तिची भूमिका होती. हातपिशव्यांचा स्वतःचा व्यवसाय तिने काढला आणि त्याला ‘वेक १९३३’ हे नाव दिले. १९३३ हे वडिलांचे जन्मवर्ष, आणि पिशव्यांची घडण त्यांच्या पितळी कड्यांच्या ब्रीफकेसवरून सुचलेली. आत्मचरित्र २००७ मध्ये आले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेसाठी ती बोलू लागली आणि २०१२ मध्ये त्याच कामासाठी नव्या दक्षिण सुदानात जाऊन आली. अभिनेत्री लुपिता न्योंगोने २०१४ च्या एका भाषणात सांगितले, की लहानपणी ती आपला रंग उजळावा म्हणून देवाची प्रार्थना करी. आलेकला लोक सुंदर म्हणतात हे पाहिल्यावर तिचा स्वतःबद्दलचा समज बदलू लागला.

व्यवसाय मात्र इतक्या झटपट बदलला नाही. एका आलेकला घेतले की जागा भरली, असाच बऱ्याच वर्षांचा हिशेब दिसतो. दक्षिण सुदानी मुळाच्या मुली मोठ्या संख्येने रॅम्पवर दिसू लागल्या त्या २०१० नंतर. अनोक याईने २०१८ मध्ये प्राडाच्या शोची सुरुवात केली. नेओमी कॅम्पबेलनंतर हा मान कृष्णवर्णीय मॉडेलला थेट तेव्हाच मिळाला, म्हणजे एकवीस वर्षांनी. पॅरिसच्या उंची कुत्यूर शोमध्ये शेवटी वधूच्या वेशात येणारी मॉडेल हा सर्वांत मोठा मान समजतात. शनेलसाठी कार्ल लागरफेल्डने २००४ मध्ये तो आलेकला दिला होता. तिच्यानंतर शनेलची दुसरी कृष्णवर्णीय वधू ठरली ती केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत लहानपण काढलेली दक्षिण सुदानी अदुत अकेच, तीही २०१८ मध्ये.