बेडकांसाठी काचपेटी नको, अंगणातलं तळं करा

पावसाळ्यात आंबोलीत मलबार ग्लायडिंग फ्रॉग पाहिला, की अनेक कोल्हापूरकरांना घरी काचपेटीत छोटं जंगल उभारावंसं वाटतं. हौस चांगली आहे, पण रानातला बेडूक उचलून आणू नये. तिथल्याच आंबोली टोड या भेकाला शास्त्रीय नाव मिळालं २००९ मध्ये, आणि तो आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

त्यापेक्षा अंगणात पसरट टब पुरावा. एका बाजूला दगडांचा उतार हवाच, नाहीतर पिल्लं बुडतात. नळाचं पाणी आधी दिवसभर उघडं ठेवावं. बेडूक त्वचेतून पाणी शोषतो, क्लोरीन त्याला बाधतं. काठाला कर्दळ, नेचे, शेवाळ आणि भरपूर पालापाचोळा असावा. कीटकनाशक अजिबात नको.

डास होऊ नयेत म्हणून छोट्या पंपाने पाणी हलतं ठेवावं. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधावा. गप्पी मासे मात्र सोडू नयेत, ते अंडी आणि टॅडपोल खातात.

न्हाणीघरात कधी कधी दिसणारा तपकिरी झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचं घरटं करतो. अंड्यांतून निघालेले टॅडपोल थेट खाली पाण्यात पडतात. असं घरटं दिसलं तर हात लावू नका.