शंखाविना गोगलगाय

पावसाळ्यात भिंतीवर सरपटणारी गोगलगाय तुम्ही पाहिली असेल. बोट लावताच ती शंखात शिरते. तांबड्या समुद्रातील प्रवाळांमध्ये तिची एक नातेवाईक राहते. तिला 'स्पॅनिश डान्सर' म्हणतात. ती लालभडक असते आणि एक फुटाहूनही लांब वाढते. अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिला इवलासा शंख असतो. पुढे तो गळून पडतो. मग शत्रूपासून ती वाचते कशी?

दिवसा ती कपारीत लपते. रात्री बाहेर पडल्यावर कोणी छेडले, तर अंगाच्या गुंडाळलेल्या कडा ती झटकन उलगडते. तरीही धोका टळला नाही, तर ती चक्क पोहू लागते. त्या वेळी कडा लाटांसारख्या वरखाली हलतात. स्पेनमधील नर्तकीचा घेरदार झगाच जणू! आपण मात्र संथ माणसाला गोगलगाय म्हणतो.

पण तिचे खरे शस्त्र आहे विष, आणि तेही उसने. तिचे अन्न स्पंज. स्पंजाला पळता येत नाही, म्हणून तो अंगात विषारी द्रव्ये बाळगतो. तिला त्यांची बाधा होत नाही. उलट, ती द्रव्ये ती स्वतःच्या अंगात साठवते. असा घास मासे टाकून देतात.

तिची अंडी लांब फितीत असतात. गुंडाळलेली फीत लाल गुलाबासारखी दिसते. ती उघड्यावरच असते, राखण करायला कोणी नसते. परंतु आईने तेच विष अंड्यांतही उतरवलेले असते.

तिच्या पाठीवर सहा कल्ले असतात. त्यांच्या आसपास कधीकधी एक छोटी कोळंबी राहते, तीही लाल रंगाची!